तलावाच्या पाळीतलं इंजिन

७ मे २००३, सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. सादिक शेख पिपरटोल्याच्या तलावाच्या पाळीत, मातीच्या बांधात खणलेल्या चरात उताणा पडला होता आणि तोंडावर आलेल्या लोखंडाला हातोडीनं ठोकून कान देत होता. एका जागी आवाज भद्द आला. म्हणजे पलीकडे माती गच्च बसली होती. हातभर पुढे सरकून त्यानं पुन्हा ठोकलं. आता आवाज घुमला.

"पोकळ हाय," तो चरातूनच ओरडला. "टाकी असन, नाईतं मोठा डरम."

पाळीवर डोक्यावर घमेलं घेतलेली वच्छलाबाई उभी होती. तलावाचं पाणी जिथवर जातं त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला तिच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं होती. पाणी पोचलं तर सगळ्यांत शेवटी, नाही पोचलं तर सगळ्यांत आधी तिला कळायचं. चर खणायला ती रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि बोलायलाही.

"चार दिवस झाले भाऊ, तू वाजवूनच राह्यला. लगन लावतं का त्याचं?"

"लावतो ना वो बाई. पहिले नवरी तं पाहू द्या."

पिपरटोला चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेपासून फार लांब नाही. गावाचा तलाव मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या काळातला. श्रावणात तो काठोकाठ भरायचा आणि दसऱ्यापर्यंत अर्धा व्हायचा, कारण पाळीला एका जागी पाझर होता. दरवर्षी तिथं माती टाकत, दरवर्षी पाझर बाजूनं वाट काढी. लवकर पिकणारा हलका धान तोपर्यंत हाती यायचा. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला मात्र लोंबी भरायच्या वेळी पाणी लागतं आणि नेमक्या तेव्हा तलावाचा तळ दिसायचा. त्या उन्हाळ्यात लटारूनं ग्रामसभेत सांगितलं की मलम लावणं पुरे झालं, आता फोड उकरायचा. लटारू गावचा पाणकर, म्हणजे कोणाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस. त्याच्या शब्दावर घरटी एक माणूस फावडं घेऊन आला. पुरुषभर खोल गेल्यावर फावडी लोखंडावर आपटली.

ते लोखंड हाताच्या ताकदीनं हलेना, आणि ओढायला मशीन आणावी तर तिच्या वजनानं उरलेली पाळ बसायची भीती. तेव्हा कोणाला तरी वरोऱ्याच्या सादिकची आठवण झाली, ज्याला लोक सादिक चेनपुली म्हणत. दोन वर्षांपूर्वी मार्कंड्याच्या यात्रेत आकाशपाळण्याचा ट्रक नदीच्या उतारावरून कलंडला होता. तो सादिकनं पाळण्याची एकही खुर्ची न वाकवता वर आणला होता आणि अर्ध्या यात्रेनं देवदर्शन सोडून ते पाहिलं होतं.

सादिक आला, चर पाहिला, माती मुठीत दाबून पाहिली आणि सगळ्यांसमोर बोलला, "लोखंड काढतो आन् मिरगाच्या आधी पाळ जशीच्या तशी बंद करून देतो. नाई झालं तं माह्यं नाव बदला."

शब्द मोठा होता. मिरगाला पाळ उघडी राहिली असती तर त्या वर्षी तलावात पाणी थांबलंच नसतं. भारी धान गेला असता आणि हलकाही. गाव वर्षभर कुठल्या तरी सडकेच्या कामावर गेलं असतं.

सादिकला स्वतःबद्दल शंका घेण्याची सवय नव्हती. त्याचे वडील वरोऱ्याच्या कापूसबाजारात नालबंद होते. बैलाच्या पायाला नाल ठोकायचा तर आधी बैल खाली पाडावा लागतो. उभ्या बैलाच्या अंगाभोवती दोर असा फिरवायचा की ओढताच तो गुडघ्यांत मोडून अलगद कुशीवर यावा, बरगडी दुखावता कामा नये आणि शिंग मोडता कामा नये. दहा वर्षांचा असताना सादिक दोराचं दुसरं टोक धरायचा. पुढे ट्रक आले, गाड्यांना रबरी चाकं आली, बैलांचे नाल कमी झाले. सादिक कोळसाखाणीवर जड सामान हलवणाऱ्या टोळीत लागला. दहाएक वर्षांनी ती सोडून त्यानं साखळीनं जड वजन ओढायच्या दोन चेनपुल्या, चार जॅक आणि सागवानी ठोकळ्यांचा एक ढीग जमवला. विहिरीत पडलेली मोटर, नाल्यात गेलेला ट्रॅक्टर, राईस मिलचा बॉयलर, जे कोणाच्यानं हलत नाही ते त्याच्याकडे येऊ लागलं. बायको खातून म्हणायची की या माणसाला घरातलं कपाट सरकवायला सांगितलं तर आधी चहा मागतो, मग चार शेजारी गोळा करतो आणि मग भाषण देतो.

त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा मोहसीन असायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा. ठोकळे सरकवण्याचं काम त्याचं. दोघांचा एक नियम होता. लोखंड एक बोट उचललं की ठोकळा एक बोट सरकवायचा आणि मगच पुढचं बोट. जॅक निसटला तरी वजन एका बोटापेक्षा जास्त खाली येता कामा नये. या नियमामुळे काम हळू व्हायचं. पण सादिकच्या आणि मोहसीनच्या हातांची सगळी बोटं शाबूत होती. त्यांच्या धंद्यात ही गोष्ट लोक मुद्दाम पाहायचे.

७ मेच्या त्या सकाळी चर रुंद करायला घेतल्यावर मातीतून आधी इंजिन निघालं नाही. आधी निघालं एक जातं. मग एक फुटकं उखळ. मग बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, पाटा, दुसरं जातं, धान कांडायच्या मुसळाच्या टोकाचं कडं, लोखंडी वसवी.

"हे काय गा, लटारूभाऊ?" सादिक म्हणाला. "पाळ हाय का भांड्याचं दुकान?"

लटारूला त्यात नवल वाटलं नाही. "घरटी एक वजन," तो म्हणाला. "माह्या बापाच्या लहानपणी पाळ फुटली होती. इथंच. पाळ फुटली का हरेक घरानं आपल्या घरचं एक जड भगदाडात टाकाव लागे. गरिबानं जातं टाकलं, मोठ्यानं मोठं. नाई टाकलं त्याले पाणी नाई."

"आन् हे लोखंड कोणाच्या घरचं?"

"मालगुजाराचं. पन्नास बैलजोड्या लावून ओढत आणलं म्हणते. काय होतं ते कोणी इचारलं नाई."

सादिकनं जातं उलटं करून पाहिलं. त्याच्या खालून पाण्यानं बोटभर रुंद नळी कोरली होती. उखळाखाली तशीच. माती मातीला धरते, दगडाला आणि लोखंडाला धरत नाही, त्या फटीतून पाणी वाट काढतं. साऱ्या गावानं भक्तिभावानं टाकलेलं एकेक वजन गेली सत्तर वर्षं तलाव रिकामा करत होतं. सादिक हे बोलून दाखवणार होता, पण लटारू जात्यावरची माती हातानं पुसत होता. म्हणून तो गप्प बसला. एरवी तो असा गप्प बसत नसे.

दुपारपर्यंत चालकाच्या खोलीचा चेपलेला पत्रा दिसला. त्याच्यापुढे गोल पोट, पोटापुढे मातीत शिरलेलं धुराडं, आणि खाली एकमेकांना दांड्यानं जोडलेली लहान चाकं. दोन फुटी रुळावर धावणारं, बैलगाडीपेक्षा थोडंसंच लांब असं वाफेचं इंजिन पाळीत नाक खुपसून बसलं होतं. मागची बाजू चरात आली होती, पुढची अजून मातीत होती.

गाव लोटलं. एकानं नारळ फोडला, दुसऱ्यानं विचारलं की हे चालू होते का. सादिकला चालकाच्या खोलीच्या पत्र्यावर एक पाटी सापडली. ती त्यानं काढली, चिंच लावून घासली, राखेनं चमकवली. पितळ निघालं आणि पितळेत ठसठशीत आकडा, दोन. ती पाटी त्यानं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभी करून ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवली. चामोर्शीच्या बाजाराला जाणारे लोक ती पाहून गेले. बाजारात काय बोलणं झालं असेल ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी वनखात्याची जीप आली.

वनक्षेत्रपाल हेमराज कुंभरे मृदू बोलणारा, कामाला काटेकोर माणूस. त्यानं पाटी हातात घेतली, उलटीपालटी केली.

"या भागात खात्याची लाकडं वाहायची छोटी लाईन होती," तो म्हणाला. "नदीच्या घाटापर्यंत. तीन इंजिनं होती. एक आणि तीन विकली गेली. दोन नंबर पुरात गेलं असं आमच्यात सगळे सांगत आले."

"मंग घ्या ना साहेब!" सादिक म्हणाला. "सापडलं तुमचं. मी काढून देतो, तुमी घेऊन जा."

"तसं होत नाही. खात्याची वस्तू आहे असं वाटत असेल तर वरून हुकूम येईपर्यंत मला ती हलवू देता येणार नाही. फाईल चंद्रपूरला जाईल, तिथून नागपूरला."

"कवापर्यंत?"

"दिवाळी धरा."

कुंभऱ्यानं पंचनामा केला आणि काम थांबवलं. जीप गेल्यावर लोक ओट्याजवळच बसून राहिले. पाळीत बैलगाडी जाईल एवढी खिंड पडलेली होती आणि मधोमध इंजिन. ते बाहेर काढल्याशिवाय ती बुजवता येत नव्हती.

"कायले चमकवली ते पाटी?" शेवटी वच्छलाबाई म्हणाली. "काळी होती तं काळी राहू द्याची होती. चिंच बी माह्याच घरून नेली."

 मोहसीननं बिडी पेटवली आणि सादिककडे न पाहता म्हणाला, "दूल्हे मियाँ, दुल्हन तो सरकारी निकली."

मेचा तिसरा आठवडा उजाडला. सादिक वरोऱ्याला परत गेला नाही. लटारूच्या सपरीत, पुढच्या ओसरीवर पथारी टाकून राहिला. रोज सकाळी चरात उतरायचा, कशाला हात लावायचा नाही, चाकांखालची माती बघायचा आणि वर यायचा. दोन कामांचे निरोप आले होते, दोन्ही त्यानं परत पाठवले. गावात कोणी त्याला शब्दाची आठवण करून दिली नाही. त्याची त्याला जास्त चीड आली.

कुंभरे हातावर हात ठेवून बसला नव्हता. नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारी करिष्मा ढोक विदर्भातल्या जुन्या अरुंद रुळांच्या इंजिनांची नोंद करत असे. तिला त्यानं फोन केला. ती एसटीनं आली, पाठीवर पिशवी, पिशवीत तारेचे ब्रश, रॉकेलची बाटली, खडू आणि विजेरी. आल्या आल्या चरात उतरली आणि पाऊण तास वर आलीच नाही.

वर येऊन तिनं पहिला प्रश्न सादिकला विचारला. "पाटी तुम्हीच काढली का? स्क्रू कसे होते?"

"दोन गोल डोक्याचे, दोन चपटे."

"आणि चाकं जोडणाऱ्या दांड्यावर चार कोरलंय, ते पाहिलं होतं?"

सादिकनं ते पाहिलं नव्हतं. दांडा चिखलानं माखलेला होता आणि तो पाटीतच रमला होता.

"पाटी दोन सांगते, दांडा चार सांगतो," करिष्मा म्हणाली. "चार नंबर खात्याचं नव्हतंच. एका लाकूड ठेकेदारानं नंतर आणलं होतं, त्याच लाईनवर चालायचं. चारही इंजिनं एकाच शेडमध्ये दुरुस्त होत. याचा दांडा त्याला, त्याची पाटी याला. स्क्रू बघा ना, जे हाताला लागले ते मारलेत."

"मंग हे हाय तरी कोणतं?" लटारूनं विचारलं.

"खालच्या चौकटीवर आकडा असेल तो खरा. बॉयलर बदलतात, चाकं बदलतात. चौकट बदलत नाहीत, कारण बाकी सगळं तिलाच टांगलेलं असतं."

सादिक एकदम उठून बसला. "चेसिस नंबर! असं म्हणा ना मॅडम. आरटीओवाले बी तेच पाह्यते. इंजन बदलवा, बॉडी बदलवा, चेसिस जे सांगन तेच गाडी."

"तेच," करिष्मा म्हणाली. "फक्त तो पुढच्या टोकाला, खालच्या अंगाला असतो. आणि तुमचं पुढचं टोक पाळीत आहे."

वच्छलाबाई इतका वेळ घमेल्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "त्याच्यात पाह्याचं काय? हे चारच हाय."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"घरटी एक वजन म्हणजे आपल्या घरचं टाका लागे. दुसऱ्याचं जातं चोरून टाकलं तं पाळ राहत नाई, असं माही सासू सांगे. मालगुजार इंग्रजाले मोठा भेत होता. त्यानं साहेबाचं इंजिन टाकलं असतं का सगळ्या गावासमोर? ठेकेदार कर्जात बुडाला, त्याचं इंजिन मालगुजाराच्या घरी आलं असन, मंग ते त्याचं. म्हणून टाकलं."

कुंभरे हसला नाही. "बाई, तुमचं मला पटतं," तो म्हणाला. "पण सासूबाई सांगायच्या असं मी वर लिहून पाठवू शकत नाही. आकडा दाखवा. दोन निघाला तर माझा इलाज नाही. चार निघाला तर खात्याचा या वस्तूशी संबंध नाही, आणि संबंध नाही तर काम थांबवायचा अधिकारही मला नाही. त्याच दिवशी पंचनामा मागे घेतो."

आता सगळं एका आकड्यावर आलं. तो आकडा पाहायचा तर इंजिनाचं नाक वीतभर उचलायला हवं होतं, आणि नाकावर पाळीची दोन माणसं उंच माती उभी होती. ती खणून काढली तर खिंड दुप्पट रुंद झाली असती. आकडा दोन निघाला तर मग तलाव आणखी दोन वर्षं गेला असता.

"पाळ खणायची नाई," सादिक म्हणाला. "मागून दाबतो. नाक आपसूक वर येते."

वच्छलाबाई त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "खाली तूच घुसशीन. छन्नी तुह्याच हाती राहीन. दोनाचे चार कराले किती वेळ लागते, भाऊ?"

"बाई, ते मॅडम स्क्रूच्या डोक्यावरून वळखते. ताजी छन्नी वळखणार नाई का?" मग थोडा थांबून म्हणाला, "आन् मी इथी पाळ बंद कराले आलो. नंबर कोराले नाई."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून काम चाललं. सादिकनं मागच्या चाकांच्या पुढे रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची जाड थप्पी रचली. तीच त्याची टेकण. मग इंजिनाच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी साखळ्या बांधून चेनपुल्यांनी ती खाली ओढायला लावली, चरात खोल पुरलेल्या सागवानी ओंडक्याला धरून. वडील बैलाला कुशीवर आणायचे तेव्हा डोकं उचलू नकोस, शेपूट दाब, असं म्हणायचे. हे त्यानं काम करताना मोठ्यानं सांगितलं, तेही करिष्माला, तिनं विचारलं नव्हतं तरी.

"एक बोट," सादिक म्हणायचा.

"एक बोट," मोहसीन इंजिनाखालून नाकाकडे हात घालून ठोकळा सरकवायचा.

मातीतून करकर आवाज आला. वरून ढेकळं सुटली. लटारू पाळीवर पोटावर पडून मातीला तडा जातो का ते पाहत होता आणि दर बोटामागे "नाई" म्हणत होता. सातव्या बोटाला तो "थांब" म्हणाला. सगळे थांबले. केसाएवढा तडा गेला होता. सादिकनं साखळी होती तिथंच बांधून टाकली, अर्धा तास कोणाला हलू दिलं नाही. तडा वाढला नाही. मग आणखी तीन बोटं.

करिष्मा आडवी होऊन इंजिनाखाली आत सरकली. तिच्यामागे सादिक, हातात विजेरी. चौकटीच्या टोकावर घट्ट काळं ग्रीस होतं. सत्तर वर्षं मातीत राहून ते डांबरासारखं झालं होतं आणि त्यानंच खालचं लोखंड वाचवलं होतं. तिनं रॉकेल ओतलं, ब्रश फिरवला, फडक्यानं पुसलं आणि आडवा खडू घासला. खडू वर बसला, खोलगट जागा काळी राहिली.

सादिकनं विजेरी तिरकी धरली. आधी एक उभी रेघ दिसली, मग तिला छेदणारी आडवी.

"मॅडम?"

"चार," करिष्मा म्हणाली. "आणि बाजूला बनवणाऱ्या कारखान्याचा क्रमांक. तोही वाचता येतोय. ठेकेदाराचंच."

सादिक तिथूनच ओरडला. बाहेर त्याचा आवाज पोचला, शब्द पोचले नाहीत. वच्छलाबाईनं वरून विचारलं, "काऊन बोंबलतं? पोरगा झाला का पोरगी?"

"चार! चार झाले!"

कुंभरे स्वतः आत सरकला, गणवेश चिखलात माखला, आकडा बघून बाहेर आला आणि ओट्यावर बसून पंचनामा मागे घेतल्याचं लिहिलं. चामोर्शीच्या तहसीलदारांना त्यानंच कळवलं. तिथून उत्तर आलं की हक्क सांगणारा कोणी येईपर्यंत इंजिन ग्रामपंचायतीच्या ताब्यात, उंच जागेवर ठेवावं. तारीख होती २४ मे. मिरगाला दोन आठवडे उरले होते.

पुढचं काम सादिकच्या दृष्टीनं साधं होतं आणि ते पाहायला मात्र आजूबाजूची चार गावं आली. ज्या वाटेनं मालगुजाराच्या बैलांनी इंजिन आणलं होतं त्याच वाटेनं, पाठमोरं, गोल ओंडक्यांवरून सरकत ते बाहेर आलं. बैल लावायचा हट्ट काही जणांनी धरला. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत धावणाऱ्या जोड्या त्यांच्याकडे होत्या. सादिकनं साफ नाही म्हटलं. बैल झटका देतो, चेनपुली देत नाही. दोन दिवसांत इंजिन शाळेमागच्या मुरमाड माळावर स्लीपरांवर उभं राहिलं. करिष्मानं चौकटीवरच्या आकड्याचे फोटो काढले आणि पाटी सादिकच्या हातात दिली. "ही दोन नंबरची. याच्यावर लावू नका, नाहीतर पुढचा माणूस परत चुकेल." पाटी कुंभरे घेऊन गेला. ती खरोखरच खात्याची होती.

खरा वाद पाळ बुजवताना झाला. पहिल्या सकाळी माती टाकायच्या आधी लोक रांगेनं आले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी होतं. खोदताना निघालेली जाती, उखळं, नवे पाटे, एकानं तर मोडक्या पंपाचं बूड आणलं होतं. घरटी एक वजन.

या वेळी सादिक गप्प बसला नाही. त्यानं जातं उचलून त्याच्या बुडाला पाण्यानं घासलेली खाच दाखवली. उखळाची दाखवली. लटारूनं प्रत्येक खाच बोटानं चाचपून पाहिली.

"म्हणजे आमीच फोडली म्हण," तो म्हणाला.

"तुमी नाई गा. दगडानं. माती माती संग राहते. मधात पाहुणा आला का भांडण."

"आन् घरचं वजन नाई टाकलं तं पाणी कोणत्या तोंडानं मागू?"

 यावर तोड लटारूनंच काढली, संध्याकाळी, पाळीवर बसून. वजन पाळीच्या पोटात जाणार नाही. पोटात निव्वळ चिकण माती, वीतवीत थर, प्रत्येक थर धुम्मसानं कुटलेला. आणि प्रत्येक घराचं वजन पाण्याच्या बाजूनं पाळीच्या अंगावर बसेल, लाटा माती खाऊ नयेत म्हणून. मालगुजाराच्या वारसांपैकी गावात कोणी नव्हतं. त्यांच्या वाट्याचं वजन कोणी टाकायचं यावर थोडी कुजबुज झाली. वच्छलाबाईनं सादिककडे बोट दाखवलं. "यानं त्याहीचं काढलं. यानंच भराव."

सादिकनं आपल्या ढिगातला सगळ्यांत जड सागवानी ठोकळा पाळीच्या अंगावर ठेवला. मोहसीन म्हणाला की दगड चालला असता. ठोकळा तिथंच राहिला.

५ जूनला शेवटचा थर कुटून झाला. सादिक पाळीवरून अनवाणी चालत गेला, जिथं टाच रुतली तिथं पुन्हा कुटायला लावलं, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं वरोऱ्याला गेला. घरी खातूननं विचारलं की नाव बदलावं लागलं का. तो म्हणाला, चहा कर.

एखादं काम केलं की त्यावर पुरतं वजन पडल्यावर ते एकदा पाहून यायचं, ही त्याची जुनी रीत. राईस मिलचा बॉयलर बसवला तर तो पेटल्यावर जायचा. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी तो पिपरटोल्याला गेला. तलाव काठापर्यंत भरलेला होता. पाळीच्या बाहेरच्या अंगाला, जिथं दरवर्षी पाझराची डबकी साचायची, तिथं वच्छलाबाईची शेळी कोरड्या गवतात बसली होती. सादिकनं खाली बसून माती मुठीत दाबली. ती भुसभुशीत फुटली.

"भेटली का नवरी?" मागून वच्छलाबाई म्हणाली.

"तुमी कुठी होता वो इतक्या दिवस? मले वाटलं टोमणे संपले."

"टोमणे पिकले नाई अजून. धान पिकू दे."

शाळेमागे चार नंबर उभं होतं. करिष्मानं एकदा येऊन त्याच्या चौकटीला लाल रंगाचा हात दिला होता. ताब्यासाठी दोन ठिकाणांहून विचारणा झाली होती, निकाल कुठलाच नव्हता.

लटारू तुडूम तपासत होता. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. गेली कित्येक वर्षं या दिवसांत ते उघडून काही उपयोग नसायचा. त्यानं आतलं लाकडी बूच हलवून पाहिलं, त्याला तेल लावलं आणि पोतं टाकून झाकलं. भारी धान लोंबीवर आला होता आणि पाणी ठरवायची बैठक आदल्या दिवशी झाली होती. या खेपेला उलटं करायचं ठरलं, आधी शेवटचं टोक.

उद्या बुधवार, ८ ऑक्टोबर. सकाळी सात वाजता लटारू तुडूम उघडेल आणि पहिलं पाणी वच्छलाबाईच्या बांध्यांकडे जाईल.